परातीतली कुस्ती

सहा मिलिमीटरचा एक बोल्ट, तीन मोठे वायसर, दोन-तीन नट आणि टोकाला एक डोम नट. बस्स, एवढंच! एवढ्या सामानात असा भोवरा तयार होतो की परातीत सोडला की समोरच्याला एका धडकेत बाहेर भिरकावतो आणि स्वतः मधोमध उभा राहून गुंगुं करत घुमत राहतो. माझी चाळिशी उलटली, सगळा जन्म कोल्हापुरात गेला, शिवाजी उद्यमनगरातल्या लेथ मशिनींचा आवाज कानावर घेत लहानाचा मोठा झालो, आणि हा खेळ मला सापडला तो आत्ता, गेल्या पावसाळ्यात! तेव्हापासून माझ्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी नट-बोल्ट असतात. रस्त्याने जाताना भंगाराचं दुकान दिसलं की पाय आपोआप थांबतात. कधी एकदा तुम्हाला सगळं सांगतो असं झालंय.

सुरुवात भाच्याच्या बेब्लेडपासून झाली. ताकारा या जपानी कंपनीने १९९९ साली हे झुंजणारे भोवरे बाजारात आणले, मग त्याची कॉमिक्स आली, कार्टून आलं, आणि आपल्याकडच्या पोरांनीही दाते असलेली पट्टी सर्रकन ओढून ते प्लॅस्टिकचे भोवरे घराघरांत नाचवले. भाच्याचा एक तुटला म्हणून मी तो उघडून बघितला, आणि उघडल्यावर थक्कच झालो. वरची कडी वेगळी, वजनाची चकती वेगळी, खालचं टोक वेगळं. प्रत्येक भाग बदलता येतो आणि बदलला की भोवऱ्याचा स्वभाव बदलतो! मग हे आपण घरी का करू नये? आणि हे सगळं आलं कुठून?

ते आलंय बेइगोमा नावाच्या खेळातून. जपानमधली मुलं फार पूर्वी समुद्रातल्या शंखात वाळू भरून, मेणाने तोंड बंद करून त्याचे भोवरे करत. विसाव्या शतकात शंखाची जागा ओतीव बिडाने घेतली. जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा रुंद, शंखाच्या आकाराचा बिडाचा ठोकळा, त्याला दोरी गुंडाळायची, पिंपावर ताणून बसवलेल्या जाड कापडावर तो सोडायचा, आणि ज्याचा बाहेर पडेल तो हरला. दुसऱ्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा मुलांसाठी चिनी मातीचे आणि काचेचे बेइगोमा निघाले, पण खेळ थांबला नाही. हे बिडाचे भोवरे ओतण्यासाठी जे गाव प्रसिद्ध आहे ते टोकियोला खेटून असलेलं कावागुची, ओतकामाचं गाव. तिथे आजही बेइगोमा ओतले जातात. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो, कारण ओतकामाचं गाव म्हणजे आमचंच की! शिरोली, गोकुळ शिरगाव, जिकडे जाल तिकडे फाउंड्री, साचे, बिडाचे कास्टिंग. मोटारींचे आणि पंपांचे भाग ओतणाऱ्या या शहरात बिडाचा भोवरा मुलांच्या हातात का नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आता कृती. एम-सिक्सचा, म्हणजे सहा मिलिमीटरचा, पूर्ण आटे असलेला चाळीस मिलिमीटर लांबीचा बोल्ट घ्यायचा. डोकं वर. अर्ध्याच्या खाली एक नट, त्याखाली तीन मडगार्ड वायसर, मग दुसरा नट, आणि शेवटी डोम नट, म्हणजे गोल टोपीसारखं बंद तोंड असलेला नट. दहाचा पान्हा आणि पकड लावून सगळं आवळायचं. वरचे मोकळे आटे दोरी गुंडाळायला, आणि आट्यांमुळे दोरी घसरत नाही ही तर वरकड कमाई! सोडायला वायरिंगचा वीस मिलिमीटरचा कंड्युट पाइप चार बोटं कापायचा, बाजूला हॅक्सॉने उभी खाच पाडायची. दोरी गुंडाळलेला दांडा पाइपात, दोरीचं टोक खाचेतून बाहेर. पाइप धरून दोरी सटकन ओढायची आणि पाइप वर उचलायचा. भोवरा परातीत टेकतो तेव्हा जो आवाज येतो ना, तो एकदा ऐकाच.

पण हा पहिला भोवरा थरथरतो. आणि तो का थरथरतो हे कळणं, हा या खेळातला पहिला मोठा आनंद आहे. सहाच्या बोल्टसाठी जो वायसर मिळतो त्याचं भोक सहाचं नसतं, ६.४ मिलिमीटरचं असतं, नाहीतर तो बोल्टवर चढणारच नाही. म्हणजे वायसर एका बाजूला ०.२ मिलिमीटर सरकू शकतो. ०.२ मिलिमीटर! डोळ्याला दिसत नाही इतकं कमी, पण सेकंदाला वीस-तीस फेरे घेणाऱ्या भोवऱ्याला ते बरोबर समजतं. उपाय प्लंबरच्या पिशवीत आहे. बोल्टवर टेफ्लॉन टेपचे दोन-चार वेढे घ्यायचे आणि वायसर त्यावर दाबून बसवायचे. भोक भरून निघतं, वायसर मधोमध बसतो, आणि तोच भोवरा असा शांत उभा राहतो की फिरतोय की थांबलाय ते बोट लावल्याशिवाय कळू नये.

इथून पुढे मला थांबवणं कुणालाच शक्य झालं नाही. जुनी सीडी आणि गोटी! सीडीचं भोक १५ मिलिमीटरचं, साधी काचेची गोटी साधारण १६ मिलिमीटरची. गोटी भोकात बरोब्बर अडकते, आरपार जात नाही, जणू दोघींनी आधीच ठरवून मापं घेतली होती. ॲरल्डाइटने चिकटवा, वर बाटलीचं झाकण मुठीसाठी लावा, बोटांनी फिरवा. फिरतो, फिरतो, फिरतच राहतो. पण परातीत बोल्टच्या भोवऱ्यासमोर उभा केला की पहिल्याच धडकेत भिंतीपर्यंत उडतो, कारण सीडीचं वजन पंधरा-सोळा ग्रॅम. जास्त वेळ फिरणं वेगळं आणि झुंजणं वेगळं. झुंजायला वजन पाहिजे, आणि ते वजन योग्य जागी पाहिजे.

योग्य जागा कोणती? कडेला! भोवऱ्याचं वजन दुप्पट केलं तर त्याची फिरत राहायची चिकाटी दुप्पट होते, पण तेच वजन मध्यापासून दुप्पट लांब नेलं तर ती चौपट होते. भरीव चकतीतलं सगळं वजन कडेच्या पातळ कडीत नेलं तर तेवढ्याच वजनात, तेवढ्याच व्यासात चिकाटी दुप्पट. हे मी शाळेत पाठ केलं होतं. ते हाताला लागलं मात्र एका कड्यामुळे. जोतिबाच्या यात्रेत घेतलेलं स्टीलचं कडं कपाटात पडून होतं, बांगडीच्या मापात २-६, म्हणजे आतला व्यास दोन पूर्णांक सहा सोळांश इंच, साधारण साठ मिलिमीटर. बारा मिलिमीटरच्या प्लायमधून होल सॉने गोल चकती काढली. होल सॉची मजा ही की मधलं भोक तो स्वतःच पाडून देतो. चकतीतून बोल्ट घातला, दोन्हीकडून नट आवळले, बोल्टचं शेपूट ड्रिलच्या चकमध्ये धरलं, ड्रिल व्हाइसमध्ये पक्कं केलं आणि चालू करून फिरत्या चकतीला आधी कानस, मग पॉलिश पेपर लावला.

इथे जे घडतं ते मला अजून जादूसारखं वाटतं. चकती जिथे बाहेर आलेली असते तिथेच कानस लागते. आत असते तिथे लागतच नाही. म्हणजे चकती ज्या बोल्टवर भोवरा म्हणून फिरणार आहे, त्याच बोल्टभोवती ती स्वतःला गोल करून घेते! होल सॉने भोक थोडं तिरपं पाडलेलं असलं तरी चालतं. चकती कड्याच्या आत घट्ट बसेल इतकं घासायचं, ॲरल्डाइट लावायचं, रात्रभर ठेवायचं. मी हे उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांना सांगितलं, तर ते जॉबवरची नजर न काढता म्हणाले, "सोताच्या सेंटरवर घासलास न्हवं? मग आऊट ऱ्हाईल कसा?" चाळीस वर्षं लेथ चालवणाऱ्या माणसाच्या एका वाक्यात अख्खं टर्निंग आहे.

त्याच काकांनी मला खडूची युक्ती दाखवली. भोवरा ड्रिलमध्ये हळू फिरवायचा आणि खडू कडेजवळ हलकेच न्यायचा. जी बाजू बाहेर मारते तिच्यावरच पांढरी खूण उठते. वजनासाठी तर आणखी सोपी गोष्ट आहे. दोन स्टीलच्या पट्ट्या कडेवर उभ्या, एकमेकींना समांतर आणि अगदी सपाट ठेवायच्या, त्यांवर भोवऱ्याचा दांडा आडवा टेकवायचा आणि सोडून द्यायचा. जड बाजू गुपचूप खाली येते. तिच्यात छोटं भोक पाडा, किंवा समोरच्या बाजूला एम-सीलचा कण लावा, आणि पुन्हा सोडा. कुठेही थांबायला तयार झाला की भोवरा जुळला. ही गोष्ट पाहताना माझा भाचा श्वास रोखून बसतो, आणि खरं सांगतो, मीही.

भोवरा नेमका कसा फिरेल, या प्रश्नाने मोठमोठ्या गणितींना छळलं आहे. ऑयलर आणि लाग्रांज यांनी एकेक प्रकार सोडवला होता, पुढे कुणाची गाडी सरकेना. मग सोफिया कोवालेव्स्काया या रशियन गणितज्ञ बाईंनी तिसरा प्रकार सोडवला, तोही असा की ज्यात वजनाचा मध्य भोवऱ्याच्या अक्षावर नसतो. १८८८ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यासाठी त्यांना बोर्दां पुरस्कार दिला, आणि काम इतकं असामान्य ठरलं की पुरस्काराची रक्कम तीन हजार फ्रँकवरून पाच हजारांवर नेली. माझ्या परातीत जो भोवरा झोकांड्या खातो त्याच्यामागे असली भारी गोष्ट उभी आहे!

आता झुंज. खरी गंमत टोकात आहे. बोल्टचं टोक सरळ कापून चपटं ठेवलं की त्या चपट्या टोकाची कड तळाला घासते, फिरण्याचं पळण्यात रूपांतर होतं, आणि भोवरा परातभर धावत सुटतो, जाईल तिथे धडका देत. हा हल्लेखोर. डोम नटवाला एका जागी ठाण मांडतो. आणि सायकलच्या दुकानातून सहा मिलिमीटरचा छर्रा आणून टोकाला चिकटवला तर घासणं इतकं कमी होतं की तो सगळ्यात शेवटपर्यंत उभा राहतो, पण जोरदार धक्का बसला की जागा सोडतो. पळणाऱ्यासमोर ठाण मांडणारा, ठाण मांडणाऱ्यासमोर टिकणारा, टिकणाऱ्यासमोर पळणारा. आम्ही रात्री जेवण झाल्यावर बसतो, माझी बहीण आधी "परात मला लागते रे" म्हणून ओरडायची, आता ती स्वतःचा भोवरा घेऊन येते. तिचा कड्याचा भोवरा सध्या घरात अजिंक्य आहे.

आणि दिशा! ही गोष्ट कळली त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन्ही भोवरे एकाच दिशेने फिरत असतील तर ते जिथे भेटतात तिथे त्यांच्या कडा एकमेकींच्या विरुद्ध धावत असतात. म्हणून ठण्णकन आवाज येतो, ठिणगी पडल्यासारखे दोघे दोन दिशांना फेकले जातात. पण एकाला दोरी उलटी गुंडाळली तर भेटीच्या जागी दोघांच्या कडा एकाच बाजूला जातात, दोन दातेरी चाकं एकमेकांत बसावीत तसं. धडक मऊ होते, आणि ज्याचा वेग जास्त त्याच्याकडून कमी वेगवाल्याला वेग मिळतो! भाच्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो किंचाळलाच, "मामा, ह्यो त्याचा जोर चोरतोय!" तेव्हापासून घरात उलट्या दोरीच्या भोवऱ्याला चोर म्हणतात, आणि वेग संपत आलेला चोर समोरच्याच्या बळावर जगताना पाहणं ही या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, असं माझं ठाम मत झालंय.

मोजताही येतं. कड्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन घ्या. ठिपका बारा चित्रांत पूर्ण फेरी मारत असेल तर सेकंदाला वीस फेरे, म्हणजे मिनिटाला १,२००. वेग दुप्पट झाला की साठवलेली ऊर्जा चौपट, म्हणून दोरी ओढणाऱ्या मनगटाला एवढं महत्त्व.

पंख्याच्या बेअरिंगचं सांगितलंच पाहिजे. जुन्या सीलिंग फॅनमधून ६२०२ नंबरचं बेअरिंग निघालं, बाहेरून ३५ मिलिमीटर. ते थिनरने धुऊन ग्रीस काढलं आणि भोवऱ्याच्या सगळ्यात बाहेर येईल असं बसवलं. आता समोरचा येऊन आदळतो, बेअरिंगची बाहेरची रिंग मोकळी फिरून जाते, आणि आतल्या भोवऱ्याला फारसा पत्ताच लागत नाही. आकार लहान असल्यामुळे हा फार वेळ फिरत नाही, पण मार खाण्यात याचा हात कुणी धरणार नाही.

लाकडी भोवराही विसरलो नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेला लाखेच्या रंगाचा एक भोवरा माझ्या टेबलावर आहे, आणि रिंगणात आर मारून दुसऱ्याच्या भोवऱ्याला खोक पाडण्याचा खेळ आम्हीही खेळलो आहोत. त्या खेळात नेम महत्त्वाचा. इथे बांधणी महत्त्वाची. प्रत्येक झुंजीनंतर पान्हा हातात घ्यायचा, एक वायसर काढायचा, टोक बदलायचं, वजन खाली आणायचं आणि पुन्हा सोडायचा. बेइगोमा खेळणारी जपानी मुलंही आपले बिडाचे भोवरे घासून बुटके करत, कारण बुटका भोवरा समोरच्याच्या पोटाखाली शिरून त्याला उचलतो. आमचाही अनुभव अगदी हाच. बुटका, रुंद, कडेला जड. शंका असेल तर बुटकाच करा.

दोन गोष्टी मात्र मनापासून सांगतो. झुंजीत नट सैल होतात, म्हणून डोम नटच्या वरचा नट पान्ह्याने त्याच्यावरच आवळून लॉक करा, किंवा नायलॉकचा नट वापरा. आणि ड्रिलवर घासताना डोळ्यांना चष्मा, बाह्या वर, मुलं लांब. भोवरा अँगल ग्राइंडरवर कधीही लावू नका. त्याचा वेग मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या घरात असतो, त्या वेगाला चिकटवलेलं कडं सुटून गोळीसारखं जाईल. झुंजीला दोरी आणि मनगट पुरेसं आहे, खरं तर त्यातच मजा आहे.

परात चांगली, पण तिचा तळ सपाट, त्यामुळे भोवरे दोन कोपऱ्यांत रुसून बसतात. आम्ही जपानी पद्धतीने पिंपावर रेक्झिन ठेवून सायकलच्या ट्यूबने आवळलं, मध्ये थोडा झोळ दिला. फारच छान! मग गच्चीवर बंद पडलेली डीटीएचची छत्री दिसली आणि शोध संपला. उथळ, गुळगुळीत, कुठेही सोडा, भोवरा मध्याकडेच ओढला जाणार आणि झुंज होणारच. मधल्या बोल्टांच्या डोक्यांवर एम-सील सपाट केलं, खाली विटांचे तुकडे देऊन समतल केली. भाच्याने तिचं नाव खासबाग ठेवलंय. शाहू महाराजांच्या मैदानासारखं, कुठेही बसा, कुस्ती नीट दिसते.

म्हणून वाचकहो, विनंती एवढीच आहे. तुमच्या गच्चीवर बंद पडलेली छत्री असेल तर ती भंगारात देऊ नका, गल्लीतल्या पोरांना द्या. तुम्ही शाळेत शिकवत असाल तर एक तास वर्गात पान्हे घेऊन या. आणि शिरोली-गोकुळ शिरगावातल्या फाउंड्रीवाल्या मित्रांनो, एखाद्या दिवशी शेवटच्या ओतकामात थोडं बीड उरलं तर रुपयाएवढ्या भोवऱ्यांचा एक साचा भरा. पहिले दहा माझे, रोख पैसे देऊन.